घरचा प्रोजेक्टर करायचाय? पॅनल नंतर, आधी भंगारातला ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) शोध

प्रश्न असा आहे. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाकडे बंद पडलेला १५.६ इंची लॅपटॉप आहे, पण त्याचा स्क्रीन चांगला आहे. बुटाच्या खोक्यात मोबाइल आणि भिंग बसवून त्याने एकदा प्रोजेक्टर करून पाहिला, तर भिंतीवर काहीतरी हललं एवढंच दिसलं. आता लॅपटॉपचा स्क्रीन सोलून खरा प्रोजेक्टर करायचा, सहा ते आठ हजारांत बसवायचा आणि जमलं तर गणपतीत गावच्या मंडपात सिनेमा दाखवायचा, असा त्याचा बेत आहे. सुरुवात कुठून करू, असं तो विचारतोय.

मी ज्युनिअर कॉलेजची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळतो. २००६ पासून सात प्रोजेक्टर केले, त्यातले चार नीट चालले. एक अजून आमच्या प्रयोगशाळेत चालू आहे. त्या अनुभवावरून सांगतो: पॅनलपासून, म्हणजे सोललेल्या स्क्रीनपासून, सुरुवात करू नकोस. जवळजवळ सगळे तिथूनच सुरू करतात आणि खोकं तयार झाल्यावर कळतं की चित्र मिणमिणतंय. प्रोजेक्टर करणं म्हणजे दिव्याचा उजेड पॅनलमधून नेऊन लेन्सच्या तोंडात पोचवणं. ती वाट आधी बांधायची, पॅनल त्या वाटेत शेवटी ठेवायचं.

बुटाच्या खोक्यात काय झालं ते आधी आकड्यात बघू, म्हणजे पुढचं सगळं पटेल. मोबाइलचा साडेपाच इंची स्क्रीन म्हणजे सुमारे ८३ चौरस सेंटिमीटर. पूर्ण उजेडावर तो ५०० निट (स्क्रीनच्या उजळपणाचं एकक) धरला, तर त्यातून सगळ्या दिशांना मिळून सुमारे १३ लुमेन (एकूण उजेडाचं एकक) बाहेर पडतात. तुझं भिंग बहुधा पाच सेंटिमीटर व्यासाचं असेल आणि स्क्रीनपासून सतरा-अठरा सेंटिमीटरवर असेल. एवढ्या भिंगाच्या वाट्याला त्या उजेडाचा जेमतेम पन्नासावा भाग येतो, म्हणजे पाव लुमेनच्या आसपास. तो एक चौरस मीटर भिंतीवर पसरला की पाव लक्स, म्हणजे चौरस मीटरला पाव लुमेन. पौर्णिमेचं चांदणं साधारण इतकंच असतं. तू चांदण्याइतक्या उजेडात सिनेमा बघायचा प्रयत्न केलास. खोकं काळं करून किंवा भिंग महागाचं आणून यात फरक पडत नाही, कारण स्क्रीनचा उजेड चारी दिशांना उधळतो आणि भिंगाकडे वळतच नाही.

हा उजेड वळवायची युक्ती फार जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ करत. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे लेन्स. दिवा आणि चित्राची काच यांच्यामध्ये असलेलं जाड भिंग, म्हणजे कंडेन्सर, हा मॅजिक लँटर्नचा जीव. दिव्याचा उजेड गोळा करून, चित्रातून पार नेऊन, थेट पुढच्या लेन्सच्या मधोमध आणून सोडणं हे त्याचं काम. आपला घरचा प्रोजेक्टर हुबेहूब तोच आहे. रंगवलेल्या काचेच्या जागी एलसीडी पॅनल, जाड भिंगाच्या जागी प्लॅस्टिकची चपटी, गोल खाचांची फ्रेनेल लेन्स, आणि दिव्याच्या जागी एलईडी.

आता तुझ्या लॅपटॉपचा स्क्रीन. तो ३४४ मिलिमीटर रुंद आणि १९४ मिलिमीटर उंच आहे. त्याला पूर्ण झाकणारी फ्रेनेल हवी, त्या मापाला शोभणारी लांब फोकसची (नाभीय अंतराची) मोठी लेन्स हवी, आणि मग खोकं जवळपास मीटरभर लांब होतं. शिवाय बऱ्याच लॅपटॉप पॅनलांना वरून खरखरीत मॅट पापुद्रा असतो. डोळ्यांना बरा, पण प्रोजेक्टरमध्ये तो उजेड विखुरतो आणि चित्रावर धुकं आणतो. म्हणून हे पॅनल प्रोजेक्टरसाठी ठेवू नकोस, सोलायचा सराव करायला वापर. लॅपटॉपचा अॅडॉप्टर मात्र जपून ठेव, तो पुढे लागणार आहे.

माझा सल्ला दहा इंची पॅनलचा आहे. जुन्या नेटबुकचं १०.१ इंची पॅनल भंगारात मिळतं, पण ते बहुतेक १०२४ बाय ६०० पिक्सेलचं असतं. १२८० बाय ८०० चं मिळालं तर उत्तम. त्याचं माप साधारण २१७ बाय १३६ मिलिमीटर. हे माप सांगायचं कारण म्हणजे ओएचपी, तोच ओव्हरहेड प्रोजेक्टर, ज्यावर आमच्या पिढीचे प्राध्यापक पारदर्शक कागद ठेवून शिकवत. कॉलेजांनी ते टाकून दिलेत. कुठल्याही जुन्या कॉलेजच्या स्टोअररूममध्ये धूळ खात एक तरी पडलेला असतो. स्टोअरकीपरला भेट, प्राचार्यांच्या नावे अर्ज कर, रीतसर भंगारात काढून घे. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत चोरबाजारात फिरलास तरी मिळू शकेल. ओएचपीच्या काचेखाली साधारण २८ सेंटिमीटर चौरसाची फ्रेनेल असते आणि वरच्या डोक्यात सुमारे ३१५ मिलिमीटर फोकसची, सात-आठ सेंटिमीटर व्यासाची लेन्स आणि आरसा असतो. म्हणजे दहा इंची पॅनलला लागणारं सगळं प्रकाशशास्त्र एकाच डब्यात, जुळवून ठेवलेलं. वेगवेगळ्या ठिकाणाहून लेन्स मागवून त्या जुळवण्यात मी पहिली दोन वर्षं घालवली. तू ती घालवू नकोस.

ओएचपी मिळाला की त्यातला मूळ हॅलोजन दिवा आधी काढून टाक. तो बहुतेक २५० किंवा ४०० वॅटचा असतो, आणि त्याच्यावर पॅनल ठेवलंस तर काही मिनिटांत भाजेल. २००७ साली मी ही चूक वेगळ्या तऱ्हेने केली होती. पंधरा इंची मॉनिटरचं पॅनल आणि २५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा, चोक आणि इग्नायटरसकट. भिंतीवर चित्र असं काही लखलखीत आलं की मी पंख्याकडे लक्षच दिलं नाही. वीस मिनिटांनी चित्राच्या मध्यभागी एक काळा डाग उगवला आणि शाई सांडावी तसा पसरत गेला. बंद करून गार केल्यावर तो गेला, म्हणून मी परत चालू केलं. तिसऱ्या दिवशी मागचा पोलरायझर (काचेवरचा उजेड गाळणारा पापुद्रा) तपकिरी झाला आणि तो कायमचाच. तो काळा डाग म्हणजे द्रवस्फटिक तापून आपली रचना सोडून देतात, त्याची खूण. तो दिसला की त्याच क्षणी दिवा बंद करायचा. पॅनलने दिलेली ती एकमेव सूचना असते.

दिवा म्हणून १०० वॅटचा सीओबी (एकाच पाटीवर अनेक चिप बसवलेला) एलईडी घे. सुमारे २० ते २४ मिलिमीटरचा पिवळा चौकोन, ३० ते ३४ व्होल्ट, ३ अँपिअर. त्याला साधं डोळे झाकून ३२ व्होल्ट जोडायचे नसतात. एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो, करंट वाढतो, तो आणखी तापतो, आणि शेवटी जातो. म्हणून करंट बांधून ठेवणारा ड्रायव्हर हवाच. मेन्सवर चालणारे ड्रायव्हर मिळतात, पण पहिल्याच कामात खोक्यात २३० व्होल्ट आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अॅडॉप्टर आणि करंट-व्होल्टेज दोन्ही ठरवता येतील असा बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा) मॉड्यूल वापर. अॅडॉप्टर ९० वॅटचा असेल तर एलईडी २.४ अँपिअरवर चालव. ६५ वॅटचा असेल तर १.८ च्या पुढे जाऊ नकोस. कमी करंटवर एलईडी जास्त काटकसरीने उजेड देतो, त्यामुळे निम्म्या वॅटला निम्म्याहून अधिक उजेड मिळतो आणि आयुष्यही वाढतं.

दिलेल्या विजेचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग उष्णतेत जातो. त्यामुळे एलईडीच्या मागे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो तसा हीटपाइपवाला उभा कूलर पंख्यासकट लाव. मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर दे. जाड थराने नुकसानच होतं. चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळ, नाहीतर एलईडीची पाठ एका बाजूने उचलली जाते आणि ती बाजू जळते.

आता खरं काम, आणि यात घाई नको. ते पॅनलशिवाय करायचं.

बऱ्याच ओएचपींत फ्रेनेलचे दोन पत्रे खाचा समोरासमोर करून कडेने चिकटवलेले असतात. कटरने चिकटपट्टी कापून ते वेगळे कर. खाचांवर बोट लावायचं नाही, धूळ असेल तर पाण्यात साबणाचा थेंब घालून नुसतं धुवायचं. आणि एक गोष्ट कधी विसरू नकोस: फ्रेनेल उन्हात किंवा खिडकीजवळ ठेवायची नाही. एवढ्या मोठ्या भिंगाने गोळा केलेलं ऊन लाकूड पेटवतं. फोकस मोजायला ऊन नकोच. खोलीच्या आतल्या भिंतीशी उभा राहा, समोरच्या खिडकीबाहेरच्या झाडाचं चित्र कागदावर स्पष्ट येईपर्यंत पत्रा पुढे-मागे कर, अंतर मोज. दोन्ही पत्र्यांचं माप त्यांच्याच कडेला पेनाने लिहून ठेव. डोक्यातल्या लेन्सचंही असंच मोज.

आता दोन पत्र्यांपैकी कमी फोकसचा पत्रा खाली दिव्याकडे, जास्त फोकसचा वर लेन्सकडे. दोघांच्या खाचा एकमेकांकडे तोंड करून, पॅनल मध्ये येणार. खालचा पत्रा एलईडीपासून बरोबर आपल्या फोकसइतक्या अंतरावर. ते बरोबर आहे का हे बघायला वरचा पत्रा काढ, लेन्सचं डोकं बाजूला कर आणि उजेड छतावर पडू दे. मध्ये एक पांढरा पुठ्ठा धरून वर-खाली कर. उजेडाचा चौकोन सगळीकडे पत्र्याएवढाच राहिला तर किरण समांतर आहेत. वर जाताना मोठा होत गेला तर एलईडी जास्त जवळ आहे, लहान होत गेला तर लांब आहे.

मग वरचा पत्रा ठेव, आणि जिथे लेन्स असणार तिथे बटरपेपर धर. एलईडी अगदी मंद कर, शेपन्नास मिलिअँपिअरवर. हे दृश्य प्रत्येकाने एकदा तरी बघावं असं आहे. कागद थोडा वर-खाली केलास की धूसर गोळ्याचा अचानक चौकोन होतो, आणि त्या पिवळ्या चौकोनात दहा ओळींत दहा-दहा ठिपके स्पष्ट उमटतात. ते एलईडीच्या आतले शंभर चिप. दिव्याचं हे चित्र जिथे पडतं तिथेच लेन्स असली पाहिजे, आणि ते चित्र लेन्सच्या गोलात पूर्ण मावलं पाहिजे. घरच्या प्रोजेक्टरचं यशापयश या एका चौकोनावर ठरतं. माझे तीन प्रोजेक्टर नीट चालले नाहीत, कारण त्या वेळी मी हा कागद धरून बघितला नव्हता.

तो चौकोन किती मोठा येईल हे आधीच काढता येतं: एलईडीचा आकार गुणिले वरच्या पत्र्याचा फोकस भागिले खालच्याचा. २२ मिलिमीटरचा एलईडी, वर ३३०, खाली २०० असेल तर ३६ मिलिमीटर. लेन्स ७५ ची असेल तर भरपूर जागा उरली. ती उरलेली जागा वाया घालवायची नाही. एलईडीच्या तोंडावर बसणारं लहान जाड काचेचं भिंग ४४ मिलिमीटरचं मिळतं, ते लावलं की एलईडीचा कडेला जाणारा उजेडही वळून कामी येतो. त्या बदल्यात दिव्याचं चित्र मोठं होतं, पण ते लेन्समध्ये मावेल इतपतच मोठं होतं. याच्यापुढे जाऊन आणखी मोठा, दोनशे वॅटचा एलईडी लावला तर? त्याचा पिवळा चौकोनच मोठा असतो, त्याचं चित्र लेन्सबाहेर सांडतं, आणि वाढवलेला उजेड खोक्याच्या भिंती तापवतो. बहुतेक जण उजेड कमी पडला की वॅट वाढवतात. आधी कागद धरून बघावं.

मध्य जुळवायला मी ओळंबा वापरतो. ओएचपीची रचना उभी असते, त्याचा हा मोठा फायदा. लेन्सच्या मध्यातून दोरा सोडायचा, तो फ्रेनेलच्या मधल्या वर्तुळावर आणि एलईडीच्या मधोमध यायला हवा. दोन मिलिमीटरचीही चूक दिसते. नंतर चित्रात एकच कोपरा काळवंडला तर एलईडी मध्यावर नाही. चारही कोपरे काळवंडले किंवा कोपऱ्यांना निळसर-पिवळसर झाक आली तर उभं अंतर चुकलंय.

एवढं झालं की मगच पॅनल.

पॅनल घेताना तीन गोष्टी बघ. एक, ते स्वतः उजळणारं नको. आजच्या बऱ्याच मोबाइलचे डिस्प्ले अॅमोलेड असतात. त्यांच्या मागून उजेड पार जाऊच शकत नाही. त्यामुळे मोबाइलचा सुटा डिस्प्ले आणून प्रोजेक्टर करायचा विचार सोडून दे. मोबाइलच्या एलसीडीलाही लागणारा बोर्ड त्या-त्या पॅनलसोबत जोडीनेच घ्यावा लागतो. दोन, पॅनलचा हिरवा सर्किटबोर्ड मागे दुमडलेला असेल तर तो उलगडून कडेला नेता येतो का. त्याची पट्टी आखूड असेल तर तो उजेडाच्या आड येतो आणि त्यावर उपाय नाही. तीन, पुढचा पापुद्रा चकचकीत असावा. मॅट निघालाच तर ओला टिश्यूपेपर त्यावर काही तास पसरून ठेवल्यावर वरचा पापुद्रा सावकाश सोलून निघू शकतो. मी दोनदा काढलाय, एकदा निम्म्यात फाटला.

सोलायचं ते मोठ्या टेबलावर, पंखा बंद करून. धातूची चौकट काढली की पांढरे, चंदेरी पापुद्रे एकामागून एक निघतात, शेवटी जाड पारदर्शक पत्रा. ते सगळं बाजूला ठेव. हातात उरते ती जेमतेम एक मिलिमीटर जाडीची करडी काच, आणि तिच्या एका कडेला चिकटलेल्या तपकिरी फिल्मच्या पट्ट्या. या पट्ट्या केसासारख्या जपायच्या. एक जरी वाकून सुटली तरी चित्रात उभी रेघ येते आणि ती घरी दुरुस्त होत नाही. काच उचलताना सर्किटबोर्डही सोबतच उचलायचा. तो कधीही लोंबकळता कामा नये. माझ्याकडून दोन पॅनल अशीच गेली, म्हणून तुला लॅपटॉपच्या पॅनलवर आधी हात बसवायला सांगतोय.

चित्र आणायला बाजारात युनिव्हर्सल एलसीडी बोर्ड मिळतो, टीव्ही दुरुस्तीवाले रोज वापरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा जवळच्या टीव्ही पार्ट्सच्या दुकानात पॅनलचा मागचा नंबर दाखवलास की ते केबल आणि रिझोल्युशनची सेटिंग सांगतील. तुझं पॅनल एलव्हीडीएस आहे की ईडीपी (चित्राचा सिग्नल पोचवणाऱ्या जोडणीच्या दोन जाती), हे त्या नंबरवरून आधी नक्की कर. जुनी बहुधा पहिल्या जातीची, नवी दुसऱ्या. बोर्डावर पॅनल व्होल्टेज निवडायचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) असतो: ३.३, ५ किंवा १२. नेटबुक-लॅपटॉपचं पॅनल ३.३ चं असतं. नवीन बोर्ड कुठल्या जंपरवर येईल याचा भरवसा नाही. पॅनल जोडण्यापूर्वी मीटर लावून मोज. १२ व्होल्टचा एक क्षणही पुरतो.

पॅनल खालच्या पत्र्यापासून १५ ते २० मिलिमीटर वर ठेव, वरचा पत्रा त्याच्यापासून दहाएक मिलिमीटर. चिकटून ठेवलंस तर फ्रेनेलची वर्तुळं आणि पिक्सेलची जाळी मिळून चित्रावर लाटा दिसतात. ही खालची फट हवेसाठीही लागते. पॅनलमधून शंभरातले पाच-सहा भागच उजेड पार होतो. निम्म्याहून अधिक मागचा पोलरायझर खातो, उरलेल्यातला बराचसा रंगांचे फिल्टर. खाल्लेला उजेड म्हणजे उष्णताच. म्हणून एका कडेने पंख्याने हवा आत, दुसऱ्या कडेने बाहेर, आणि आत घेणाऱ्या तोंडावर स्पंजची जाळी, कारण फ्रेनेलवर किंवा पॅनलवर बसलेला धुळीचा कण भिंतीवर सुपारीएवढा दिसतो. एलईडीच्या कूलरची गरम हवा या कप्प्यात येता कामा नये. मधे आडवा पत्रा टाक. पॅनलच्या कडेला डिजिटल थर्मामीटरची वायर चिकटव आणि ५० अंशांच्या आत ठेव. मे महिन्यात खोलीच ३८ वर असते, तेव्हा करंट उतरव.

फोकसचं गणित तुला येत असेल, तरी एकदा करून दाखवतो. लेन्स ३१५ ची, भिंत ३ मीटरवर. ३१५ गुणिले ३०००, भागिले २६८५, म्हणजे पॅनल लेन्सपासून ३५२ मिलिमीटरवर. चित्र साडेआठपट मोठं: १.८५ मीटर रुंद, १.१६ मीटर उंच, म्हणजे ८६ इंच. दहा बाय बाराच्या खोलीत एवढंच शोभतं.

उजेड किती मिळेल? स्वस्त १०० वॅटचा सीओबी प्रत्यक्षात ८,००० लुमेनच्या आसपास धर. त्यातला पावभाग पॅनलच्या चौकोनातून जाईल, त्यातले सहा टक्के पार होतील, लेन्स आणि आरशात थोडे जातील. हातात १०० लुमेन उरतात. ८६ इंचांवर ४७ लक्स. चित्रपटगृहाच्या पडद्याचा साधारण तिसरा हिस्सा. दिवे घालवून, पडदे लावून बघायला हे चांगलं पुरतं, रंग भरलेले दिसतात, सबटायटल वाचता येतात. ट्यूबलाइट लावली की चित्र गेलं. मंडपात दहा फूट पडद्यावर हाच उजेड पसरला तर १७ लक्स उरतील, आणि मंडपातल्या माळांचा उजेड त्याहून जास्त असतो. त्यामुळे मंडपासाठी तयार प्रोजेक्टर भाड्याने आण, हे मी मनापासून सांगतो. तुझा प्रोजेक्टर वाड्याच्या अंगणात, वीस-पंचवीस जणांसाठी, अमावास्येच्या आसपास लाव. तिथे तो शोभेल.

चित्र भिंतीवर उलटं आलं, म्हणजे अक्षरं आरशातल्यासारखी, तर पॅनल पालथं घाल. ते दोन्ही बाजूंनी सारखंच चालतं. चित्र वर उचलायला आरसा जास्त वाकवलास तर चौकोनाचा समलंब होतो. त्याऐवजी लेन्सचं डोकं बाजूला सरकव. दोन सेंटिमीटर सरकवलंस तर भिंतीवर चित्र एकोणीस सेंटिमीटर सरकतं, आणि चौकोन चौकोनच राहतो. फक्त वरचा फ्रेनेलचा पत्राही तितकाच सरकवायचा, नाहीतर दिव्याचं चित्र लेन्सच्या बाहेर पडेल आणि एक बाजू काळवंडेल.

खोकं सहा मिलिमीटरच्या प्लायचं कर, किंवा ओएचपीचंच ठेव. आतून ब्लॅकबोर्डचा काळा रंग, झाकणाच्या फटींना काळी फेल्ट. भिंतीला साधा पांढरा मॅट रंग पुरतो, पण चित्राभोवती चार बोटं रुंद काळी पट्टी मार. तेवढ्याने चित्राचा काळा रंग डोळ्यांना अधिक काळा वाटतो. आवाजासाठी बाहेरचा स्पीकर लाव, बोर्डवरचा नको.

ओएचपी मिळाला की एवढी मापं काढ: डोक्यातल्या लेन्सचा फोकस, तिचा व्यास आणि दोन पत्र्यांचे फोकस. ती मला कळव. त्यावरून एलईडी कुठे बसवायचा आणि समोर ४४ मिलिमीटरचं भिंग लागेल की नाही हे मी सांगेन. तोवर पॅनल विकत घेऊ नकोस.